तिसरी ओळ

तक्रार कशी लिहायची हे मला कोणी शिकवायला नको. वीज कार्यालयाच्या तक्रार विभागात मी सव्वीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसले. लोक ओरडायचे, रडायचे, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, आणि मी ते सगळं दोन ओळींत बसवून वर पाठवायची. त्या नोकरीनं मला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे कायमचा अधू झालेला उजवा कान. दुसरी म्हणजे अक्कल. 'मला त्रास होतो' असं लिहिलेला कागद कुठेही पोचत नाही, आणि 'जिवाला धोका आहे' असं लिहिलं की साहेब हातातला चहा खाली ठेवून उठतात.

ही अक्कल मी आयुष्यात एकदाच स्वतःसाठी वापरली. त्याचीच ही हकीकत आहे.

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं नाही तोच माझ्या दोन्ही किडन्यांनीही निवृत्ती घेतली. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सात ते अकरा, मी डायलिसिसच्या हॉलमध्ये असते. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आठ खुर्च्या, चार या भिंतीला, चार त्या भिंतीला, समोरासमोर. प्रत्येक खुर्चीशेजारी कपाटाएवढं मशीन. ते मधे आल्यामुळे शेजारचा माणूस दिसत नाही, समोरचा मात्र पायाच्या नखांपर्यंत दिसतो. एका हातात दोन जाड सुया, एकीतून रक्त बाहेर जातं, दुसरीतून आत येतं. दुसऱ्या हाताला ब्लडप्रेशरचा पट्टा, दर अर्ध्या तासानं आपोआप आवळणारा. पाणी दिवसाला मोजून तीन पेले. जीभ टाळूला चिकटलेली, पोटऱ्यांत गोळे आलेले, आणि चार तास जागचं हलायचं नाही.

अशा अवस्थेत माणूस शांत आणि समंजस होतो असं म्हणणाऱ्यानं एकदा माझ्या खुर्चीत बसून दाखवावं. मी मुळातच तिखट, आता जहाल झाले. आमचे हे मला सोडायला येतात आणि बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसतात. "आत मशीन आहे ना तुझं ऐकून घ्यायला," म्हणतात, "तेवढे चार तास मी सुटलो."

आणि त्यात ते गुणगुणणं.

समोरच्या रांगेत टाकीवाले काका बसायचे. पासष्टीचे, काटकुळे, दोन्ही कोपरांवर खरचटल्याचे जुने काळे डाग. आयुष्यभर इमारतींच्या पाण्याच्या टाक्या आणि कारखान्यांचे हौद आत उतरून साफ केले, म्हणून हे नाव. मशीन सुरू झालं की दहा मिनिटांत यांचंही सुरू. शब्द नाहीत, नुसतं हूं हूं. पहिल्या दोन ओळी वर चढत जाणाऱ्या. मग थांबायचे. मग खाली उतरणारी शेवटची ओळ. थोडा वेळ गप्प, की पुन्हा पहिल्यापासून. मला त्या चालीपेक्षा ते मधलं थांबणं छळायचं. जिना चढताना मधली एक पायरीच नसावी, तसं. पाऊल उचलून ठेवलेलं आणि खाली काही नाही. दर चार-पाच मिनिटांनी एकदा, असे चार तास.

त्यांच्या शेजारच्या, म्हणजे बरोबर माझ्या समोरच्या खुर्चीत एक मुलगी असायची. चोवीस-पंचवीसची, चष्म्यांच्या दुकानात काम करायची, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे. खरं तर तिला स्वतःला चष्मा नव्हता. अतिशय अबोल. सिस्टरना नस सापडली नाही आणि तिसऱ्यांदा सुई टोचावी लागली तर ही मुलगी सिस्टरनाच 'सॉरी' म्हणायची. तिची आई आमच्या यांच्याच बाकावर बसायची. मला त्या मुलीची दया यायची. बिचारीच्या कानाशी तो भुंगा चार तास, आणि तोंड उघडून 'पुरे' म्हणण्याची तिची छाती नाही. तिच्या वतीनं कोणीतरी बोलायला हवं, असंही मी स्वतःला सांगितलं होतं. स्वतःला सांगताना माणूस किती छान छान कारणं काढतो.

मी आधी सरळ तोंडावर बोलले, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवते. एका सकाळी माझं डोकं ठणकत होतं. मी समोरून हाक मारली, "अहो, जरा थांबवता का ते?"

"त्रास होतो का बाई? हळू करतो." मग म्हणाले, "पण बंद नाही करता येणार. हे जरा कामाचं आहे."

"हे हॉस्पिटल आहे," मी म्हणाले, "तुमचं कामाचं ठिकाण नाही. कामं संपली आता तुमची. माझीही संपली."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. काका काहीतरी सांगणार होते ते तसेच राहिले. आवाज खरंच हळू झाला, पण बंद झाला नाही. मग मला चेवच आला. माणूस नाही म्हणतो म्हणजे काय.

घरी येऊन मी कागद काढला. 'रुग्णाच्या सततच्या गुणगुणण्यामुळे मशीनचा अलार्म कर्मचाऱ्यांना ऐकू येत नाही. यामुळे सर्व रुग्णांच्या जिवाला धोका असून, अनुचित प्रकार घडल्यास जबाबदारी व्यवस्थापनाची राहील.' वळणदार अक्षर, खाली सही, तारीख. आमच्या यांनी चहा पिता पिता खांद्यावरून वाचलं.

"अगं, अलार्म तर बाहेर मला बाकावर ऐकू येतो."

"तुम्ही गप्प बसा."

ते गप्प बसले. पस्तीस वर्षांचा सराव आहे.

चौथ्या दिवशी भिंतीवर छापील नोटीस लागली. हॉलमध्ये गाणे, गुणगुणणे, शिट्टी वाजवणे यास सक्त मनाई आहे. शिट्टी व्यवस्थापनाच्या पदरची. मोठ्या सिस्टर काकांच्या खुर्चीशी गेल्या आणि तक्रारीचा कागद त्यांना वाचून दाखवला. नाव तेवढं वाचलं नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं. काही बोलण्यासाठी तोंड उघडलं, शेजारच्या मशीनकडे पाहिलं, आणि मिटलं.

मग शांतता झाली. खोटं कशाला बोलू, मला ती फार आवडली. मशीनची घरघर तेवढी. मी डुलकी काढायला लागले, शब्दकोडी पुरी करायला लागले. काका मात्र सारखे मान लांबवून मशीनच्या पलीकडे बघायचा प्रयत्न करायचे. सुया हातात, त्यामुळे फार वाकता यायचं नाही. मला वाटलं, रुसलेत. बसू देत रुसून.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. साडेनऊ वाजले, सगळ्यांचे पट्टे एकामागून एक आवळले आणि सुटले. सिस्टर आकडे लिहून घेऊन कोपऱ्यातल्या त्यांच्या खोलीत गेल्या. दहाएक मिनिटांनी मी कोड्यातून डोकं वर काढलं, तर समोर चष्मेवालीची मान खांद्यावर कलली होती. ओठ जरासे उघडे. इतक्या महिन्यांत मी तिला कधी झोपलेली पाहिली नव्हती. मला मनापासून समाधान वाटलं. बघा म्हटलं, शांतता मिळाली तर पोरगी कशी छान झोपली. हे मी केलं.

हे मी केलं, असं मी खरोखर मनात म्हणाले.

तेवढ्यात काकांनी हाक मारली. "पोरी." मग जरा मोठ्यानं, "पोरी, ए पोरी." मला राग आला, झोपलेल्या माणसाला कशाला उठवायचं? काकांनी भिंतीवरच्या नोटिशीकडे पाहिलं. मग त्यांनी दोन ओळी म्हटल्या, चांगल्या खणखणीत, आणि थांबले. पुन्हा त्याच दोन ओळी. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा तर ते गाणं राहिलंच नव्हतं, त्या चालीत ओरडत होते. आता हद्द झाली म्हणून मी खुर्चीच्या हातावरची बेल दाबली आणि दाबून धरली.

सिस्टर धावत आल्या. मी काकांकडे बोट दाखवलं. "बघा. नोटीस लावून उपयोग काय, जर..."

सिस्टर काकांकडे निघाल्या. वाटेत चष्मेवालीची खुर्ची. तिथे त्यांचं पाऊल अडलं. त्यांनी तिच्या गालाला हात लावला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. खुर्ची धाडकन मागे आडवी केली. हॉलमध्ये एकदम पाच-सहा माणसं. एक तरुण डॉक्टर तिच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत मोठमोठ्यानं आकडे मोजत होता. तिची एक चप्पल माझ्या पायापर्यंत घसरत आली. मग स्ट्रेचर, मग दार, मग पुन्हा मशीनची घरघर. आम्ही सात जण आपापल्या सुयांना बांधलेले, जागच्या जागी. काकांनी डोळे मिटून घेतले होते.

अकरा वाजता मी बाहेर आले तर तिची आई माझी वाट बघत उभी होती. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"ताई, तुम्ही बेल दाबलीत म्हणून. सिस्टर म्हणाल्या मला. अजून दोन मिनिटं कोणाच्या लक्षात आलं नसतं तर पोर गेली असती. अतिदक्षता विभागात आहे, पण आहे. तुमच्यामुळे आहे."

मी म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं."

त्यात काय एवढं! सव्वीस वर्षं लोकांची खोटी बोलणी ऐकली, पण इतकं स्वस्त खोटं कोणी बोलल्याचं आठवत नाही. आमचे हे कौतुकानं बघत होते. घरी येताना त्यांनी खाली पहारेकऱ्याला सांगितलं, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांना सांगितलं, आणि संध्याकाळी फोनवर माझ्या नणंदेला रंगवून सांगितलं. माझी नजर अशी पहिल्यापासून बारीक, म्हणे.

मी रोज सकाळी उठल्याबरोबर एक काम करते. डायलिसिसच्या प्रत्येक माणसाला ते करावंच लागतं. हातातली जी शीर ऑपरेशन करून सुयांसाठी मोठी केलेली असते, तो हात कानाशी धरायचा. आत रक्ताचा आवाज येतो, बारीक, एकसारखा, हूं हूं. तो आहे तोवर शीर चालू. तो थांबला तर असाल तसे धावत या, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगाच्या कडेला बसून हात डाव्या, चांगल्या कानाशी धरला. हूं हूं. हात मला खाली घेववेना. काका दोन ओळी म्हणायचे आणि थांबायचे. थांबून काय करायचे? माणूस गाता गाता थांबतो तो दम घ्यायला, नाहीतर ऐकायला. आणि दम लागलेला माणूस काल तीनदा ओरडला नसता.

पुढच्या वेळी मी साडेसहालाच पोचले. सुया लावण्याआधी वजन करतात, त्या काट्यासमोर काका एकटेच बाकावर बसले होते, चपला काढून. मी शेजारी बसले.

"तुम्ही कोणाचं ऐकत होता?" मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही फार आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"पोरीचं," ते म्हणाले. "तिसरी ओळ ती म्हणायची."

"मला कधी ऐकू आली नाही."

"तुमचा तो कान गेलेला आहे ना बाई. तुम्ही कोणी बोललं की डावीकडून ऐकता, बघितलंय मी. बारीक आवाज होता तिचा. बाकी सगळ्यांना यायचा."

मग त्यांनी सांगितलं. हौदात उतरायचं तर दोघं लागतात. एक आत, एक वर दोरी धरून. तळाच्या गाळात वायू साठलेला असतो, त्याला ना वास ना रंग. माणसाला चक्कर आल्याचं कळतसुद्धा नाही, तो गाळात बसतो आणि झोपल्यासारखा जातो. म्हणून त्यांच्या धंद्यात रीत होती, वरच्यानं दोन ओळी म्हणायच्या, आतल्यानं तिसरी. तिसरी आली नाही की काही विचारायचं नाही, दोरी ओढायची.

"हाका मारल्या तर चालत नाही का?" मी विचारलं.

"हाकेला माणूस झोपेतसुद्धा हूं म्हणतो. चालीत म्हणायचं तर डोकं जागेवर लागतं. सूर जरा घसरला तरी वरच्याला कळतं, आता हा जायला लागला." ते पायांकडे बघत बोलत होते. "मी आणि माझा जोडीदार एकोणीस वर्षं होतो. ही चाल त्याची. एकदा त्याचा घसा बसलेला. आवाजच फुटेना. म्हटलं आज नको उतरू. म्हणाला, पाच मिनिटांचं तर काम आहे."

काकांनी दोन्ही मुठी दोरी धरल्यासारख्या आवळल्या आणि हळूहळू उघडल्या.

"ही पोरगी आली ना नवीन," ते म्हणाले, "तर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी अशीच प्रेशर उतरून बेशुद्ध झाली. नशीब, सिस्टर जवळ होत्या. चक्कर येणार ते तिला आधी कळतं, पण कोणाला हाक मारायला लाजते. मधे मशीन, मला दिसत नाही. तर म्हटलं, चल, तुला एक चाल शिकवतो. आईला सांगू नका म्हणाली, ती घाबरते. तिचं ते तिनं सांगायचं, म्हणून मी कुठे बोललो नाही. मागे दोनदा तिचा सूर घसरला, दोनदा मी बेल दाबली. परवा हाक मारत बसलो. नोटीस होती ना. हाकेपायी किती वेळ घालवला मी. आणि बेल सोडून ओरडत काय बसलो?"

हा माणूस स्वतःला बोल लावत होता.

"ती तक्रार माझी होती," मी म्हणाले.

"माहीत आहे. सिस्टरनी वाचून दाखवली ना. एवढं व्यवस्थित दुसरं कोण लिहिणार इथं?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की," काका म्हणाले. "अजून आहे. पण हात सुईला बांधलेला असताना रागाचं करायचं काय, ते मला अजून सुचलेलं नाही."

त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि ते अनवाणी काट्यावर जाऊन उभे राहिले.

त्या दिवशी खुर्चीत बसून मी डाव्या हातानं दुसरा कागद लिहिला. उजव्यात सुया होत्या. अक्षर पहिलीतल्या पोराचं. 'अलार्म ऐकू येत नाही हे मी खोटे लिहिले होते. मला आवाजाचा कंटाळा आला होता. त्या गुणगुणण्यामुळे शेजारच्या रुग्णाची शुद्ध आहे की नाही हे समजत होते. ते बंद केल्याने रुग्णाच्या जिवाला धोका आहे.' मोठ्या सिस्टरनी तो दोनदा वाचला.

"असं कोणी लिहून देत नाही हो," त्या म्हणाल्या.

"मी दिलंय. ती नोटीस उतरवा."

"ते वरून यायला लागतं. आणि तुम्ही कशाला या भानगडीत पडता? सगळे तुमचं नाव घेतायत, मुलीला वाचवलं म्हणून."

"मग वर पाठवा," मी म्हणाले. "जिवाला धोका आहे असं लिहिलंय. या वेळी ते खरं आहे."

अकरा वाजता बाहेर आले. तिची आई बाकावर होती, शेजारी आमचे हे. मुलगी शुद्धीवर आली होती, घशात नळी होती, म्हणून बोलता येत नव्हतं. आईनं सवयीनं माझा हात धरला आणि हे सगळं सांगितलं. रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते ताई, म्हणाली. मला वाटलं, आज राहू दे, तिला दुःख कशाला. पुन्हा तेच, छान छान कारण.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. गुणगुणणं कशासाठी होतं, ते कोणी बंद पाडलं, कागदात काय लिहिलं, आणि बेल कशासाठी दाबली होती. तिची मान कलली तेव्हा मी बघत होते, आणि झोपली म्हणून मला बरं वाटलं होतं, हेसुद्धा सांगितलं.

तिनं माझा हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला.

"तुमच्यासाठी मागत होते मी," ती म्हणाली. "माझी पोर आत पडलीय, आणि मी तुमच्यासाठी मागत होते."

ती उठून दुसऱ्या टोकाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. आमच्या यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. लिफ्टमध्ये शेजारी भेटले तेव्हा ते मजल्यांचे आकडे बघत राहिले. घरी आल्यावर मला मोजून पाणी दिलं आणि म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस." मला रडायला आलं. रडण्यात पाणी जातं ते मोजत नाहीत, एवढाच काय तो फायदा.

नोटीस आठ दिवसांनी उतरली. भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे राहिलेत, ते अजून आहेत.

चष्मेवाली तीन आठवड्यांनी आली. चालत आली, पण आईच्या खांद्याला धरून. गळ्याची हाडं वर आलेली. तीच खुर्ची, माझ्या समोरची. आईनं तिला बसवलं, पायांवर चादर टाकली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली. दाराला काच आहे. काचेपलीकडे ती उभीच राहिली.

मशीनं सुरू झाली. दहा मिनिटांनी काकांनी दोन ओळी म्हटल्या आणि थांबले.

मुलीचे ओठ हलले. आवाज आला नाही. मला ऐकू येत नाही म्हणून नव्हे, काकांनाही आला नव्हता, त्यांचा चेहरा बदलला होता. त्या नळीनं तिचा घसा पार बसला होता. तिनं पुन्हा प्रयत्न केला, नुसती हवा आली.

"पोरी?" काका म्हणाले. ते मान लांबवत होते, आणि मधे कपाटाएवढं मशीन. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते आत्ता कुठल्या हौदाच्या काठावर उभे होते ते या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

ती घाबरून समोर बघत होती. समोर मी होते. मला ती पायाच्या नखांपर्यंत दिसत होती.

"काका, ठीक आहे ती," मी मोठ्यानं म्हणाले. "जागी आहे. माझ्याकडे बघतेय." मग तिला म्हणाले, "बाळा, तुझ्या ओळीच्या वेळी बोट उचल. पट्ट्याच्या हाताचं, सुईचा हात नको हलवू. बोट वर आलं की मी म्हणते."

"तुम्हाला येते का चाल?" काकांनी विचारलं.

"पहिल्या दोन आणि शेवटची पाठ आहे. मधली तुम्ही शिकवा."

त्यांनी तिसरी ओळ म्हणून दाखवली. इतके महिने मी ऐकलेल्या त्या चालीत जी पायरी नव्हती, ती आज पायाखाली आली. फार साधी ओळ निघाली. वर चढलेली चाल जराशी वळून उभी राहते, एवढंच.

काकांनी दोन ओळी म्हटल्या. थांबले. मुलीनं चादरीवरून बोट उचललं. आणि मी, जिला शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा बाई 'तू नुसते ओठ हलव' म्हणायच्या, ती मी भर हॉलमध्ये गायले. माझ्या शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ म्हणाले, आता खरी तक्रार करायला हवी. दोघं-तिघं हसले. काकांनी शेवटची ओळ पुरी केली.

तिचा आवाज अजून परत आलेला नाही. येईल असं डॉक्टर म्हणतात, नक्की कधी ते सांगत नाहीत. तोवर हे असं चाललंय. दुसऱ्याचं म्हणणं पुढे पोचवायचं, एवढंच तर मी सव्वीस वर्षं करत आले. शब्दकोडी बंद केली. डुलकी तर नाहीच. तिची आई अजून माझ्याशी बोलत नाही. काचेतून बघते, पण तिचं लक्ष मुलीकडे कमी आणि माझ्या डोळ्यांकडे जास्त असतं, ते मिटत तर नाहीत ना म्हणून. तिचं चुकतं असं मला वाटत नाही.

काल साडेनऊचा पट्टा सुटून गेल्यावर काकांनी दोन ओळी म्हटल्या आणि थांबले. बोट हललं नाही. मी बेलवर अंगठा ठेवला. तिच्या पापण्या उघड्या होत्या का, ओठांचा रंग कसा होता, मी सगळं बघत होते, आणि हॉलमध्ये मशीनची घरघर तेवढी होती, मला पूर्वी फार आवडायची ती. मी बेल दाबली. सिस्टर खोलीतून पळत निघाल्या. तेवढ्यात तिचे डोळे माझ्याकडे वळले आणि चादरीवरचं बोट अर्धंच वर आलं. मी तिसरी ओळ म्हणायला घेतली, पण माझ्या तोंडून सूर काही निघेना.